बर्फाची वाट आणि सकाळी नऊची नोंद

आज आम्ही इंग्लंडमधल्या अशा माणसांबद्दल बोलणार आहोत, जी दर हिवाळ्यात बर्फ पडायची वाट पाहतात. तुम्ही म्हणाल, त्यात काय, विलायतेत बर्फ पडतोच की! सिनेमात तसंच दिसतं, नाताळच्या शुभेच्छापत्रांवरही तसंच दिसतं. प्रत्यक्षात लंडन आणि इंग्लंडच्या दक्षिण भागात हिवाळा म्हणजे ढगाळ आभाळ, रिपरिप पाऊस आणि अंगात शिरणारा ओला गारठा. बर्फ पडलाच तर मोजके दिवस, आणि पुष्कळदा दुपारपर्यंत त्याचा चिखल होतो. काही वर्षी तेवढाही पडत नाही. म्हणून तर वाट पाहायची. जिथे रोज पडतो तिथे लोक फावडं घेऊन अंगण मोकळं करत असतात, त्यांना कसली हौस!

आधी शब्दाचं बघू. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये आभाळातून पडतात त्या गारा. त्या पत्र्यावर ताशा वाजवतात, द्राक्षाचे घड फोडतात, उभा गहू झोपवतात. त्या उंच वाढलेल्या ढगात तयार होतात, खाली जमिनीवर कडक ऊन असलं तरी. हिम वेगळं. कापूस पिंजल्यासारखं, आवाज न करता खाली येतं, आणि ते टिकायला जमिनीजवळची हवाही गार लागते. आज आम्ही बर्फ म्हणू तेव्हा हे भुरभुरणारं हिम समजा.

आता लंडनला बर्फ कमी का पडतो? नकाशात पाहिलं तर श्रीनगर ३४ अक्षांशावर आहे आणि लंडन साडेएक्कावन्नवर, म्हणजे कितीतरी उत्तरेला. पण इंग्लंडच्या पश्चिमेला अटलांटिक महासागर आहे आणि त्यातून दक्षिणेकडचं उबदार पाणी वाहत येतं. समुद्र लवकर तापत नाही आणि लवकर निवतही नाही, भरल्या रांजणासारखा. त्यावरून येणारा पश्चिमेचा वारा हिवाळाभर देशाला कोमट ठेवतो. वारा फिरला आणि पूर्वेकडून, रशिया-सायबेरियाच्या बाजूने आला, तरच चांगला बर्फ होतो. २०१८ च्या फेब्रुवारीअखेरीस असा वारा आला, तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांनी त्याला ‘पूर्वेचा राक्षस’ असं नाव दिलं होतं. एरवी सगळा खेळ एक-दोन अंशांचा. जमिनीजवळ एक अंश असेल तर बर्फ, तीन-चार अंश झाले की पाऊस. म्हणून हे हौशी लोक रात्री खिडकीचा पडदा सारून रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहत बसतात. दिव्याच्या उजेडात थेंब सरळ पडताहेत की तरंगत येताहेत, ते त्यांना बघायचं असतं. मोठी शिकलेली माणसं, पण रात्री दोन वाजता उठून दिवा बघणार. आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात ओट्यावर बसून आभाळ बघणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

ही ओढ आली कुठून? तर ती जुन्या आठवणीतून आली. काही शतकांपूर्वी युरोपात हिवाळे आजच्यापेक्षा कडक असत. लंडनची थेम्स नदी अधूनमधून गोठायची. जुन्या लंडन पुलाच्या कमानी अरुंद होत्या, त्यामुळे पुलाजवळ पाणी तुंबायचं, संथ व्हायचं आणि थंडी पडली की थिजायचं. १६८३-८४ च्या हिवाळ्यात नदीवर दुकानांच्या रांगा लागल्या, जत्राच भरली. शेवटची अशी जत्रा १८१४ च्या फेब्रुवारीत झाली आणि ती काही दिवसच टिकली. लोकांनी गोठलेल्या नदीवर छापखाना मांडून आठवणीचे कागद छापून विकले. बर्फावरून हत्ती चालवला, असंही सांगतात. या जत्रेतली आम्हाला लक्षात राहिलेली गोष्ट मात्र नावाड्यांची आहे. नदी गोठली की त्यांची होडी बंद, म्हणजे कमाई बंद. मग तेच लोक काठावर उभे राहून बर्फावर उतरणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे. जत्रेचं कौतुक लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट गंमत म्हणून लिहिली. हातावर पोट असलेल्या घरात ती गंमत नव्हती.

१८३१ साली नवा पूल झाला, पुढे जुना पाडला, पाणी मोकळं वाहू लागलं. हिवाळेही हळूहळू सौम्य झाले. पण आठवण राहिली, आणि ती चार्ल्स डिकन्स या लेखकाने पक्की केली. डिकन्सचा जन्म १८१२ चा. त्याच्या बालपणातलं ते दशक इंग्लंडच्या मोजलेल्या इतिहासात फार थंड दशकांपैकी एक होतं. लहानपणी पाहिलेला नाताळ त्याने मोठेपणी कथांमध्ये उतरवला. ‘अ ख्रिसमस कॅरोल’ हे त्याचं पुस्तक १८४३ मध्ये आलं आणि तेव्हापासून नाताळ म्हटला की बर्फ हवाच, असं लोकांच्या मनात बसलं. त्यात कॅलेंडरची एक गंमत आहे. १७५२ मध्ये इंग्लंडने पंचांग बदललं आणि मधले ११ दिवस गाळले. त्यामुळे नाताळ ऋतूच्या हिशेबाने ११ दिवस अलीकडे आला. तिथे बर्फाचा जोर जानेवारी ते मार्च असतो, डिसेंबरात कमीच. म्हणजे सण पुढच्या थंडीची वाट न पाहताच येऊन जातो, आणि लोक खट्टू होतात.

या खट्टू होण्यावरही धंदा निघाला. नाताळला बर्फ पडणार की नाही यावर तिथे कायदेशीर सट्टा लागतो. मग भांडण नको म्हणून हवामान खात्याने व्याख्या ठरवली: २५ डिसेंबरच्या २४ तासांत बर्फाचा एक कण जरी पडताना दिसला, तरी तो ‘पांढरा नाताळ’. जमिनीवर थर साचायलाच हवा असं नाही. पूर्वी लंडनमधल्या एका इमारतीच्या गच्चीवरचं निरीक्षण धरत, आता अनेक ठिकाणचं धरतात. २०१० साली मात्र खराच नाताळ पांढरा झाला. नोंद घेणाऱ्या केंद्रांपैकी ८३ टक्के ठिकाणी जमिनीवर बर्फ होता. त्या वर्षाचं नाव आजही हे हौशी लोक आपण ७२ चा दुष्काळ म्हणतो तसं घेतात, फक्त आनंदाने.

इथपर्यंत ही झाली हौसेची गोष्ट. नुसती वाट पाहणाऱ्यांबद्दल आम्ही वीस मिनिटं बोललो नसतो. यातल्या काही लोकांनी वाट पाहता पाहता रोज लिहून ठेवलं. आज वारा कुठला, किती थंडी, पाणी किती, बर्फ पडला की नाही. न चुकता, वर्षानुवर्षं. आपल्या गटाची वही ज्यांनी सांभाळली आहे, त्यांना हे किती चिकाटीचं काम आहे ते सांगायला नको. पहिले तीन महिने उत्साह असतो, मग रकाने रिकामे राहायला लागतात.

इंग्लंडच्या रटलंड भागात थॉमस बार्कर नावाचे एक जमीनदार होते. त्यांनी अठराव्या शतकात सुमारे साठ वर्षं हवामानाची वही लिहिली. कुणी सांगितलं नव्हतं, पगार नव्हता. त्यांच्यानंतरच्या काळातली कॅरोलिन मोल्सवर्थ आम्हाला जास्त जवळची वाटते. जन्म १७९४ चा. लंडनच्या दक्षिणेला कोभम गावी राहायची. तिने चाळीस वर्षांहून जास्त काळ हवामान आणि झाडाझुडपांच्या नोंदी ठेवल्या. त्या काळात बाईला विद्यापीठाचं दार बंद होतं. घराच्या आवारात जे दिसतं तेच तिचं पुस्तक. पहिलं फूल कधी उमललं, पाऊस किती, गारठा किती. १८७२ मध्ये ती वारली आणि वह्या मागे राहिल्या. त्यातल्या १८२५ ते १८५० या वर्षांच्या नोंदींचं सार १८८० साली पुस्तकरूपाने छापून आलं, आणि ते संपादन केलं दुसऱ्या एका बाईने, एलेनॉर ऑर्मरॉडने.

या ऑर्मरॉडबाई शेतकरी बायांनी माहीत करून घ्याव्यात अशा. पिकांवरच्या किडींचा अभ्यास त्यांनी आयुष्यभर केला. शेतकरी त्यांना पत्रं लिहायचे, पाकिटात कीड घालून पाठवायचे. दर वर्षीचा कीड-अहवाल त्या स्वतःच्या खर्चाने छापत. कीड आणि हवामान यांचं नातं आपल्याला ठाऊक आहेच. ढगाळ हवा आली की हरभऱ्यावर अळी दिसते. इंग्लंडच्या हवामानशास्त्र संस्थेने १८७८ मध्ये त्यांना फेलो म्हणून घेतलं, आणि तो मान मिळवणारी ती पहिली बाई. सायरेन्सेस्टर गावच्या एलिझाबेथ ब्राउन यांनी वडिलांची पावसाची नोंद पुढे चालवली, त्यांनाही १८९३ मध्ये ते सदस्यत्व मिळालं. पण त्याच्या एकच वर्ष आधी खगोलशास्त्राच्या मोठ्या संस्थेने त्यांना बाई आहेत म्हणून नाकारलं होतं. पावसाचं भांडं बाईच्या हाती चालतं, दुर्बीण चालत नाही, असा तो न्याय.

तिसरी एक लेडी बेनिंग. १८३५ ते १८८७ पावसाची नोंद. ही बाई मोठ्या घरची, वर्षातला काही काळ लंडनला आणि काही काळ नॉरफोकच्या घरी. जाताना पर्जन्यमापक बरोबर घेऊन जायची, असं तिच्या नोंदींवरून दिसतं. आपण माहेरी जाताना गटाची वही घेऊन जातो का? नाही, दुसरीकडे सोपवून जातो. तिने कुणाकडे सोपवलं नाही.

ही विखुरलेली माणसं एका धाग्यात ओवली जॉर्ज सायमन्स यांनी. १८६० मध्ये त्यांनी देशभरच्या पावसाच्या नोंदी गोळा करायला सुरुवात केली तेव्हा १६८ ठिकाणं होती. १९०० मध्ये ते वारले तोवर ती साडेतीन हजारांच्या आसपास गेली. पाद्री, डॉक्टर, बागमाळी, घरच्या बाया, सगळे बिनपगारी. सायमन्सचं मोठेपण यात की त्यांनी सगळ्यांना एक शिस्त लावली. भांडं सारख्या मापाचं, जमिनीपासून सारख्या उंचीवर, झाडा-भिंतीपासून दूर, आणि नोंद सकाळी नऊला. बर्फ पडला तर तो वितळवून त्याचं पाणी मोजायचं. साधारण दहा-बारा बोटं बर्फ वितळला तर एक बोट पाणी होतं. एकाने सकाळी मोजलं, दुसऱ्याने संध्याकाळी, तिसऱ्याने छपराच्या पन्हळीखाली भांडं ठेवलं, तर त्या आकड्यांची बेरीज करून उपयोग नाही. शिस्त लागली म्हणून या घरगुती वह्यांना वजन आलं.

विसाव्या शतकात बर्फाचे खास वेडे पुढे आले. एल. सी. डब्ल्यू. बोनासिना यांनी १८७६ पासूनच्या प्रत्येक हिवाळ्यातल्या बर्फाचा हिशेब मांडला आणि हिवाळ्यांना वर्ग दिले, थोड्या बर्फाचे ते फार बर्फाचे. गॉर्डन मॅनली हे भूगोलाचे प्राध्यापक, पण मनाने तेही हौशीच. १९३७ मध्ये त्यांनी बर्फाची देशव्यापी पाहणी सुरू केली. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या स्वयंसेवकांनी रोज सकाळी वर पाहायचं आणि कोणत्या उंचीपर्यंत बर्फ आहे ते लिहायचं, एवढंच काम. ही पाहणी पुढे हवामान खात्याने चालवली आणि ती २००७ पर्यंत चालली, सत्तर वर्षं. शिवाय मॅनलींनी जुन्या-जुन्या वह्या, बार्करांसारख्यांच्या, शोधून एकमेकींशी जुळवल्या आणि मध्य इंग्लंडच्या तापमानाची १६५९ पासूनची महिनावार साखळी उभी केली. थर्मामीटरने मोजलेली एवढी लांब साखळी जगात दुसरीकडे नाही. आज हवा किती तापली हे सांगताना शास्त्रज्ञ याच साखळीकडे बोट दाखवतात.

बर्फाची वाट पाहणाऱ्यांना बर्फ भरभरून मिळाला त्या एका हिवाळ्याबद्दलही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट फार गोड होईल. १९४७. महायुद्ध संपून दोनही वर्षं झाली नव्हती, पाव रेशनवर होता. २२ जानेवारी ते १७ मार्च, ५५ दिवस, रोज देशात कुठे ना कुठे बर्फ पडत राहिला. रेल्वे अडकली, खाणीत कोळसा होता पण शहरात पोचेना. वीज कोळशावर. मग सरकारने मोठ्या भागात घरांची वीज दिवसातून पाच तास बंद केली, सकाळी तीन तास आणि दुपारी दोन तास. ते पाच तास कुणाचे, ते तुम्हीच ओळखा. पुरुष कामावर, आणि घरात अंधारात, थंडीत, लहान मुलांना घेऊन बाई. कोळशासाठी बाया ढकलगाड्या आणि बाबागाड्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. डोंगरातल्या मेंढपाळांच्या मेंढ्या बर्फाखाली गाडल्या गेल्या. देशातल्या सुमारे पाव मेंढ्या त्या हिवाळ्यात गेल्या. मार्चमध्ये बर्फ वितळला तेव्हा महापूर आला. हवामानाच्या हौशी लोकांच्या आठवणीत १९४७ आणि १९६२-६३ हे सोन्याचे हिवाळे आहेत. आमचं स्पष्ट मत असं की सोनं त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरी कोळसा होता.

आता तुम्ही विचाराल, यात आपलं काय? आपल्या दख्खनवर बर्फ पडत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळ्याला डिसेंबर-जानेवारीत कधी पहाटे गवत पांढरं दिसतं, वर्तमानपत्रात फोटो येतो, गाड्या भरून लोक जातात. ते आभाळातून पडलेलं हिम नाही, ते गोठलेलं दहिवर. स्वच्छ, वाराशांत रात्री जमिनीची ऊब वर निघून जाते आणि गवताची पात शून्याखाली जाते, हवेचा काटा शून्याच्या वर असला तरी. स्ट्रॉबेरीवाल्यांच्या पोटात त्या पहाटे गोळा येतो.

पण बर्फाशी आपलं जुनं नातं आहे, आणि ते पावसाचं आहे. १८७६ ते ७८ मध्ये दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्याच्या जेमतेम आधी, १८७५ मध्ये, भारताचं हवामान खातं स्थापन झालं होतं आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे प्रमुख होते. पाऊस का रुसतो, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी हिमालयातल्या बर्फाच्या नोंदी तपासल्या आणि १८८४ मध्ये मांडलं की हिमालयात उशिरापर्यंत फार बर्फ पडला तर त्या साली आपल्याकडचा मोसमी पाऊस कमजोर पडण्याचा संभव असतो. त्यावरून १८८६ पासून पावसाचे अंदाज देणं सुरू झालं. पुढे कळलं की हे नातं दर वर्षी तेवढं घट्ट राहत नाही, आणि इतरही अनेक गोष्टी जोडाव्या लागतात. पण सुरुवात बर्फाच्या वहीतूनच झाली. पुण्यात शिवाजीनगरला उतरलात की ‘सिमला ऑफिस’ची पाटी दिसते ना, ती याच खात्याची. सिमल्याहून मुख्य कचेरी १९२८ मध्ये पुण्यात आली, म्हणून ते नाव.

त्याच पुण्यातल्या कचेरीत १९४८ मध्ये अण्णा मणी नोकरीला लागल्या. केरळच्या पीरमेडची मुलगी, जन्म १९१८ चा. १९४५ मध्ये हवामानाची यंत्रं शिकायला त्या लंडनला गेल्या आणि १९४८ मध्ये परतल्या, म्हणजे तो १९४७ चा हिवाळा त्यांच्या तिथल्या मुक्कामातच आला. परत आल्यावर त्यांनी इथे शंभरच्या आसपास हवामान-यंत्रांची मापं आणि आराखडे पक्के करवून घेतले, म्हणजे देशात कुठेही मोजलं तरी एकाच मापाने मोजलं जावं. सायमन्सनी जे भांड्यांसाठी केलं, तेच त्यांनी स्वतंत्र भारतासाठी केलं.

शेवटची बातमी अलीकडची. सायमन्सच्या माणसांचे कागद, हजारो पानं, हाताने लिहिलेली, तिजोरीत पडून होती. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे सगळे घरात बसले तेव्हा रेडिंग विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी लोकांना हाक दिली. १६ हजार माणसांनी घरबसल्या ६६ हजार पानं वाचून ५२ लाख आकडे संगणकात भरले, आणि तेही १६ दिवसांत. लेडी बेनिंगची वही त्यातूनच पुढे आली. त्या आकड्यांमुळे तिथला पावसाचा इतिहास कितीतरी मागे नेता आला.

आपल्याकडे या मोजणीवर पोट अवलंबून आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी धरतात, आणि पुढची भरपाई त्या आकड्याशी बांधलेली. यंत्र असतं मंडळाच्या एका गावात आणि ढग फुटतो दुसऱ्या गावावर. आमच्या भागात एका सालात असंच झालं. बांध वाहून गेले आणि आकडा निघाला ४० च्या आत. बायांनी सांगितलं, ‘आम्ही डोळ्यांनी पाहिलं.’ समोरून विचारलं गेलं, ‘लेखी काय आहे?’

घरच्या वहीला सरकारी यंत्राची किंमत येत नाही, हे आम्हाला माहीत आहे. तरी आमच्या ग्रामसंघाच्या तीन गावांनी यंदा जूनपासून नोंद ठेवायचा ठराव केला आहे. साधं, सरळ कडांचं भांडं आणि मोजपट्टी. तिन्ही गावांत भांडं एकसारखं, मोकळ्या जागेत, एका उंचीवर. वेळ सकाळी साडेआठ, कारण आपलं हवामान खातं त्या वेळेला दिवस मोजतं. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचं, रकाना मोकळा सोडायचा नाही. वही तिघींकडे पाळीने, आणि महिन्याच्या बैठकीत हजेरीनंतर आधी पावसाचं पान वाचायचं. ज्या गावांना यात यायचं असेल, त्यांनी मे महिन्याच्या बैठकीत सीआरपी ताईंकडे नाव द्यावं. भांडी एकदमच घ्यायची आहेत, म्हणजे माप सारखं राहील.